सरसाचा वास

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा सुतारकाम आणि मधमाश्यांच्या पेट्या बनवणे, आज सोमवारी सकाळी माझ्या घराच्या पुढच्या खोलीत, माझ्याच हाताने बनवलेल्या टेबलाशी बसून, कोणाच्या दडपणाखाली न येता आणि कोणाच्याही गोड बोलण्याला न भुलता हे लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला दवाखान्यातल्या कंपाउंडरने आणून दिला आहे, तो मागे टाचला आहे. हृदयाची झडप कामातून गेली आहे, हेही त्यात आहे. डोके ठिकाणावर असल्याचा मला काही आनंद नाही. ते जरा भरकटले असते तर पुढचे लिहायची वेळ आली नसती.

यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते. त्यात "माझे सगळे काही माझ्या मुलीला" असे एकच वाक्य होते. ते आजपासून रद्द समजावे. त्या "सगळे काही" मध्येच घात होता.

पुढे गोंधळ नको म्हणून स्पष्ट करतो. या कागदात नुसते "ती" म्हटले की माझी दिवंगत बायको समजावी, आणि "मुलगी" म्हटले की आमची मुलगी. आम्हाला एकच.

कलम १. घर मुलीचे. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर, कामाची पडवी आणि परस, सगळे तिचे. मागच्या खोलीची खिडकी फुगून बसते, ती वरून दाबून मग ओढावी. सुताराच्या घरची खिडकी लागत नाही म्हणून तीस वर्षे लोक हसत आले आहेत, त्यांना हसू द्यावे. स्वयंपाकघरातली फळी भिंतीला नुसती टेकवलेली आहे, ठोकलेली नाही. ती ठोकून घ्यायला ती मला लग्नापासून सांगत होती.

कलम २. बँकेत जे काही आहे ते मुलीचे. आकडा लिहीत नाही, लाज वाटते.

कलम ३. हत्यारे. करवती, पटाश्या, हातोड्या, गिरमिट आणि दोन्ही शिकंजे ज्याला वापरायचे असतील त्याला मुलीने द्यावेत, शोभेला ठेवणाऱ्याला देऊ नयेत. कंपाउंडरला माझी लहान करवत हवी होती. पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही असे त्यानेच मला सांगितले, आणि थोडा वेळ करवतीकडे बघून म्हणाला, "जाऊ द्या, साक्षीदार होतो." यावरून माणूस ओळखावा. माझ्या मेहुण्याने सतरा वर्षांपूर्वी दोन दिवसांसाठी म्हणून नेलेला रंधा त्याने आता ठेवून घ्यावा. त्याच्या पात्याला बारीक तडा आहे. मला तेव्हाच माहीत होते, बोललो नाही.

बोललो नाही, हे वाक्य पुढे पुन्हा येणार आहे.

सरस उकळायचे लोखंडी भांडे मात्र कोणालाही देऊ नये. ते खोल पुरावे. का, ते कलम पाचात कळेल. जे सुतार नाहीत त्यांच्यासाठी लिहितो, सरस म्हणजे जनावराच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद. तो गरम करून लाकडाला लावतात. त्याचा वास कोंदट, कुजकट असतो आणि अंगाला बसला की साबणाने जात नाही. बाकीचे सुतार डब्यातला पांढरा गोंद वापरू लागले तरी मी सरस सोडला नाही. माझ्या पेट्या म्हणूनच उकलल्या नाहीत, असे मी मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

कलम ४. तिच्या वह्या. निळ्या पुठ्ठ्याच्या सहा वह्या आहेत, त्या मुलीने घ्याव्यात आणि नीट वाचाव्यात. शाळेत मुलांना शिकवायला उपयोगी पडतील. माश्या तिच्या आणि लाकूड माझे, अशी आमची वाटणी होती. मी पेट्या करायचो, ती त्या नांदत्या ठेवायची. कामकरी माशी हंगामात जेमतेम सहा आठवडे जगते, त्यातले पहिले तीन आठवडे घरातच राबते, झाडलोट, अळ्यांना भरवणे, मेण काढणे, दारावर पहारा, आणि म्हातारपणी बाहेर पडून मध गोळा करते, हे मला तिनेच सांगितले. मी म्हटले, "म्हणजे आपल्या उलट." ती म्हणाली, "तुमच्या उलट. माझं दोन्ही चालू आहे."

फुले सापडलेली माशी घरी येऊन अंधारात पोळ्यावर नाचते आणि त्या नाचातून बाकीच्यांना दिशा आणि अंतर सांगते. ते ऐकून मला सुरुवातीला वाटले की बायको माझी फिरकी घेते आहे. मग तिने एक पेटी काचेची करायला लावली आणि मला तिच्यासमोर दुपारभर बसवले. खरेच सांगत होत्या. एकीला सापडले की ते सगळ्यांचे, लपवाछपवी नाही.

मोसमातले पहिले सफरचंद आले की ती ते आडवे कापायची आणि बिया मोजायची. दहा निघाल्या की मान डोलवून म्हणायची, "पोरींनी काम चोख केलंय." फुलावर माशी पुरेशा वेळा येऊन गेली तरच बिया भरतात, आणि बिया भरल्या तरच फळ सगळ्या बाजूंनी गोल होते. बिया कमी असल्या की फळ एका अंगाने बसते. आज बाजारातले कुठलेही इथले सफरचंद उचलून बघा. लोक म्हणतात, जात बिघडली. जात बिघडलेली नाही.

कलम ५. परसातल्या शेडमधल्या सात पेट्या.

या सात पेट्या, त्यांच्या चौकटी, जुनी पोळी, झाकणे, पाट, सगळे जाळून टाकावे. एकही वाचवू नये. परसात कमरेइतका खड्डा खणून त्यात जाळावे आणि राख तिथेच पुरावी. शेडची जमीनही वीतभर खरवडून त्याच खड्ड्यात टाकावी. कोणी कितीही मागितल्या तरी देऊ नयेत, विकू नयेत, आठवण म्हणून ठेवू नयेत.

मुलगी हे वाचील तेव्हा तिला धक्का बसेल. त्या पेट्या तिने गेला महिनाभर कोपरापर्यंत बाह्या सारून खरवडल्या आहेत. मुलगी पंचेचाळिशीची आहे, शाळेत शिकवते, आणि तिने माश्यांच्या दोन वसाहती बाहेरगावाहून मागवल्या आहेत. या गुरुवारी माश्या येणार. गावात एकवीस वर्षांनी मधमाश्या येणार म्हणून तिने वर्गातल्या मुलांना सुट्टी झाल्यावर परसात बोलावले आहे. गेल्या शनिवारी मुलगी रंगाने माखलेले हात घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाबा, आकड्यांवर रंग नाही लावला हं. आईचं अक्षर तसंच ठेवलंय." प्रत्येक पेटीच्या कपाळावर तिच्या आईने आपल्या हाताने आकडा घातला होता. तिचा पाच नेहमी मागे झुकलेला असायचा. मी पेटी बघितली, पाच बघितला, आणि म्हणालो, "रंग छान बसलाय."

आता कारण.

एकवीस वर्षांपूर्वी, थंडी ओसरता ओसरता, ती दवाखान्यात दाखल झाली आणि तिथून परत आली नाही. अडीच महिने तिथे होती. मी दिवसभर तिच्या खाटेशी बसायचो आणि सकाळी निघण्याआधी घाईघाईने पेट्यांवर नजर टाकायचो. एका सकाळी पाच नंबरची पेटी उघडली तेव्हा सरसाचा वास आला. मला काहीच वाटले नाही. ज्याच्या हाताला, सदऱ्याला, जेवणाच्या घासाला तीस वर्षे सरसाचा वास, त्याला तो वास आला म्हणून काय वाटणार? माझाच वास, असे समजून मी झाकण लावले. दुसरा कोणीही असता, पाववाला, पोस्टातल्या बाई, गावात पेट्या ठेवणारा कोणीही, तो तिथेच दचकला असता. निरोगी पेटीला मेणाचा, मधाचा, उन्हात तापलेल्या लाकडाचा वास येतो. सरसाचा येत नाही.

पाच नंबर अशक्त दिसते म्हणून मी वर शहाणपणा केला. तिच्यातल्या मधाच्या चौकटी काढून बाकीच्या सहा पेट्यांत वाटल्या, आणि त्यांच्यातल्या भरलेल्या तिला दिल्या. दुबळ्याला हातभार लावतो आहे असे मला वाटत होते. काम झाल्यावर मी शीळ घालत दवाखान्यात गेलो, इतके बरे वाटत होते.

त्यानंतर तीन आठवड्यांनी एका दुपारी तिने माझा हात हातात घेतला आणि नाकाशी नेला. बाकी सगळे गेले होते, नाक शाबूत होते. डोळे मिटूनच म्हणाली, "सरसाचा वास येतोय. नवी पेटी करताय?"

मी म्हणालो, "हो."

"आठवी?"

"आठवी."

"म्हणजे माश्या वाढल्या."

"खूप वाढल्यात. जागा पुरत नाही."

ती हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. मग झोपली. मी पाणी आणायला म्हणून बाहेर आलो आणि जिन्यातच माझा हात नाकाशी नेला. सरसाचे भांडे मी दोन महिने चुलीवर ठेवलेच नव्हते. माझ्या हाताला सरसाचा वास यायला जागाच नव्हती. तो वास पेट्यांचा होता.

घरी येऊन मी तिची तिसरी वही काढली. त्यात लिहिले आहे, मुलीने ते पान बघावे, कोपरा मुडपलेला आहे. "अळ्या सडण्याचा रोग. वास सुताराच्या सरसासारखा. मेण लावून बंद केलेल्या अळीच्या घरात आगकाडी घालून हळू ओढावी. तपकिरी तार निघाली तर शंका नको. पेटी माश्यांसकट जाळावी, राख पुरावी. लाकडात हा रोग चाळीस वर्षेसुद्धा टिकतो. शेजारच्या पेटीवाल्यांना त्याच दिवशी सांगावे." "त्याच दिवशी" च्या खाली दोन रेघा आहेत. "सुताराच्या सरसासारखा" च्या पुढे तिने कंसात लिहिले आहे, "म्हणजे आमच्या ह्यांच्यासारखा," आणि एक हसरा चेहरा काढला आहे.

मी आगकाडी घातली. तार बोटभर निघाली. सातही पेट्यांत निघाली.

मी शेजारच्या पेटीवाल्यांना त्या दिवशी सांगितले नाही. दुसऱ्या दिवशीही सांगितले नाही. आज सांगतो आहे.

का नाही सांगितले, याचा जबाब मला देता येत नाही. ती आठवी पेटी विचारत होती आणि मी घरी येऊन सात पेट्यांना काडी लावू? असे तेव्हा वाटले. ती बरी होऊन आली की मिळून काय ते करू, असेही वाटले. ती आली नाही. वीस दिवसांनी गेली. शेवटच्या दिवसापर्यंत विचारत होती, "माझ्या माश्या कशा आहेत?" आणि मी दर वेळी सांगत होतो, "मजेत." मी तिला असा निरोप दिला.

ती गेली त्याच आठवड्यात पेट्याही एकामागून एक गेल्या. आता हे नीट समजून घ्यावे. माश्या मेल्या तरी पेटीतला मध तसाच राहतो, आणि दारावर पहारेकरी उरत नाही. मग गावातल्या एखाद्या माशीला तो मध सापडतो. ती घरी जाते, नाचते, पत्ता सांगते. अगदी इमानाने, तिळभर चूक नाही. मग तिच्या घरच्या सगळ्या येतात, पोटभर नेतात, आणि मधातून रोगही नेतात. माझ्या परसात आठ-दहा दिवस गावभरच्या माश्यांची झुंबड होती. भेटायला आलेल्या पोस्टातल्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "काका, माश्या किती जोरात आहेत! वहिनींचा हात होता हो." त्यातल्या अर्ध्या माश्या त्यांच्याच होत्या. मी त्यांना पाण्याचा पेला दिला आणि मान हलवली. दारे बंद करायला एक खिळा आणि एक फळकूट पुरले असते. मी सुतार आहे.

ते वर्ष संपेपर्यंत गावात एक पेटी जिवंत राहिली नाही. पाववाल्याच्या बारा गेल्या, पोस्टातल्या बाईंच्या चार, इतरांच्या वीस-बावीस. ओढ्याकाठच्या जुन्या झाडाच्या ढोलीत एक रानटी मोहोळ होते, मुलगी लहानपणी त्याला कान लावून बसायची, तेही गेले.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. कोणीतरी विचारले, हे कशाने झाले असेल? सगळे माझ्याकडे बघू लागले, कारण माझ्या पेट्या पहिल्या गेल्या होत्या आणि माझी बायको त्यातली जाणती होती. मी उभा राहिलो. सांगण्यासाठीच उभा राहिलो होतो, यावर कोणी विश्वास ठेवो न ठेवो. समोर दुसऱ्या रांगेत बागवाला बसला होता. सफरचंदाची सगळ्यात मोठी बाग त्याची, आणि त्याच्या मुलाशी माझ्या मुलीचे लग्न ठरलेले. माझ्या तोंडून निघाले, "फवारणी. आमच्या व्याह्यांच्या फवारणीनं मेल्या. माझ्या डोळ्यांसमोर मेल्या, आणि त्याच आठवड्यात माझी बायको गेली." बागवाला उठला. "मी संध्याकाळी फवारतो, माश्या घरी गेल्यावर," एवढे म्हणाला आणि मध्येच अडखळला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्यांनी ते पाहिले आणि सगळ्यांचा माझ्यावर विश्वास बसला.

मुलगी त्या वेळी चोवीस वर्षांची होती. आम्ही सभेहून घरी आलो. दारात आल्यावर म्हणाली, "आईच्या माश्या मारणाऱ्यांच्या घरात मी कशी नांदू, बाबा?" मी म्हणायला हवे होते, थांब. मी म्हणालो, "तुला जे योग्य वाटेल ते कर." याहून नीच वाक्य मी आयुष्यात बोललो नाही.

बागवाल्याचा मुलगा त्यानंतर तीनदा आमच्या दारात आला. तिसऱ्यांदा मुलगी शाळेत होती. तो म्हणाला, "काका, मला फक्त एक चौकट द्या. तपासून आणतो. आमचीच चूक असेल तर मी स्वतः सगळ्यांसमोर कबूल करीन." मी दार लावून घेतले. त्याला जे विचारायचे होते त्याचे उत्तर शेडमध्ये चौदा पावलांवर होते. तो गाव सोडून गेला. त्याचे लग्न झाले, दोन मुले आहेत. मुलीचे झाले नाही. तिने मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. संध्याकाळी शाळेतून आली की माझ्या आठवड्याच्या गोळ्या वारांप्रमाणे डबीच्या खणांत भरते आणि वह्या तपासायला बसते. एकवीस वर्षे मी तो खडूचा हात बघतो आहे.

पेट्या तरी तेव्हा का जाळल्या नाहीत? जाळल्या असत्या तर मुलीने विचारले असते, का. आणि त्यांच्यावर तिचे अक्षर होते.

कलम ६. बागवाल्याला. त्याला देण्याजोगे माझ्याकडे काही नाही. लोकांनी त्याचा माल घेणे सोडले, अर्धी बाग गेली. उरलेल्या झाडांना दर मोसमात तो शिडीवर चढून बारीक ब्रशने एकेका फुलाला पराग लावतो. वय शहात्तर. या घराच्या खिडकीतून तो दिसतो. एक माणूस दिवसभर राबला तर एक झाड पुरते होत नाही. तेच काम तिच्या पोरी वाटेवर जाता जाता करायच्या. सभेत जे बोललो ते खोटे होते, असे मी या कागदाने जाहीर करतो. हा कागद शाळेच्या हॉलमध्ये, त्याच जागी, मोठ्याने वाचावा. कंपाउंडरचा आवाज बरा आहे.

कलम ७. माझ्या मागे कोणीही माझ्याबद्दल चांगले बोलू नये. बोललेच तर पेट्या उकलल्या नाहीत एवढे बोलावे. उकलल्या असत्या तर बरे झाले असते.

इथपर्यंत लिहून झाले तेव्हा दुसरा साक्षीदार आला. तो बागवालाच आहे. मीच कंपाउंडरला त्याच्याकडे धाडले होते. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो, फक्त सही करताना बघायचे असते, असे कंपाउंडर मला दोनदा म्हणाला. मी म्हणालो, "याने वाचायचा." एकवीस वर्षांनी तो या खोलीत आला आणि खुर्चीवर बसावे की नाही असा उभाच राहिला. मग बसला, चष्मा लावला आणि वाचायला लागला. वाचायला त्याला खूप वेळ लागला. सहाव्या कलमाशी आल्यावर त्याने कागद खाली ठेवला. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्याने चष्मा काढला आणि म्हणाला,

"मला वाटत होतं मीच मारल्या."

"त्या वर्षी एकदा दुपारी फवारलं होतं. एकदाच. वारा पडला होता म्हणून. सभेत तू उभा राहिलास तेव्हा मला तेच आठवलं. घरात बायकोलासुद्धा बोललो नाही. मुलगा म्हणत होता, तपासून आणू. मीच त्याला म्हणालो, नको जाऊस." त्याने खिडकीतून आपल्या झाडांकडे बोट केले. "शिडीवर काय मी सफरचंदांसाठी चढत होतो?"

मी रडलो. एकाहत्तराव्या वर्षी कंपाउंडरसमोर हुंदके देऊन रडलो, हे डोके ठिकाणावर असलेल्या माणसाने लिहून ठेवायला हरकत नसावी. बागवाला रडला नाही. म्हणाला, "सही करतो. माफी मागू नकोस, ती माझ्याकडे शिल्लक नाही." मग त्याने विचारले, "पोरीला माहितीये?"

"नाही."

"गुरुवारी माश्या येणार ना?"

"हो."

"मग मेल्यावर कशाला?" तो एकदम ओरडला. "अरे, गुरुवारी तू जिवंत असलास तर? परत गप्प बसणार?"

शनिवारी बसलोच होतो. म्हणून हे कलम वाढवत आहे.

कलम ८. या मृत्युपत्रातले कलम पाच माझ्या मरणाची वाट न बघता आजच अमलात यावे. हा कागद पाकिटात घालून सील करू नये. सही होण्यापूर्वी तो मुलीच्या हातात द्यावा. वाचून ती या घरात राहिली तर घर तिचे, आणि एक क्षणही न थांबता निघून गेली तरी घर तिचेच. तिने माझ्याशी बोलावे अशी अट नाही.

मुलगी आज शाळेतून रजा घेऊन परसात आहे. सातव्या पेटीला दुसरा हात मारते आहे. मी खिडकीतून हाक मारली. तिने मान वर केली, बागवाल्याला माझ्याशेजारी बसलेला पाहिले, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना. तिला वाटले, म्हाताऱ्यांचे मिटले. म्हणाली, "आले बाबा! हात धुऊन आलेच."

वरील सर्व मजकूर माझ्या हातचा आहे, शुद्धीत लिहिला आहे, आणि त्यातले एकही अक्षर कोणी माझ्याकडून जबरदस्तीने काढून घेतलेले नाही. घेतले असते तर बरे झाले असते, एकवीस वर्षांपूर्वी.

सही
सुतार, पेट्या करणारा

साक्षीदार पहिला: दवाखान्यातला कंपाउंडर (सही)
साक्षीदार दुसरा: बागवाला (सही)

स्थळ: घराची पुढची खोली
दिनांक: २६ मार्च, सोमवार

(खालील मजकूर मुलीच्या हातचा आहे.)

मला साक्षीदार होता येत नाही, असे कंपाउंडर काका म्हणाले. तरी लिहिते. वाचले.

खड्डा मी आणि बागवाले काकांनी खणला. काकांना धाप लागली तेव्हा कंपाउंडर काकांनी फावडे घेतले. सातही पेट्या जाळल्या. रंग ओला होता, लगेच पेटल्या. सरसाचे भांडे राखेखाली पुरले आहे. माश्या पाठवू नका असे कळवले आहे. मुलांना शाळेत मी सांगीन.

शाळेजवळ एक खोली आहे, ती घेते आहे. या घराचे काय करायचे ते मला आत्ता विचारू नये.

त्याने एकच चौकट मागितली होती, बाबा.

तुमच्या रविवारपर्यंतच्या गोळ्या डबीत भरून ठेवल्या आहेत. त्यापुढच्या तुमच्या तुम्ही भरा.